तुरीचा शेंडा आणि सुरू न होणारे यंत्र

तुरीचा शेंडा खुडण्याचे काम थांबून राहणारे नाही. पेरणीनंतर साधारणतः दीड महिन्याच्या सुमारास मुख्य खोडाचा वरचा दोन-तीन बोटे कोवळा भाग छाटला म्हणजे वाढीचा जोर बगलेतील डोळ्यांकडे वळतो, बाजूच्या फांद्या अधिक फुटतात आणि झाड उंच व विरळ न होता पसरट व भरदार होते. मृगात किंवा आर्द्रात पेरलेल्या तुरीस ही वेळ पुष्य-आश्लेषा नक्षत्रांत येते. ज्यांस साधेल ते पंधरा-वीस दिवसांनी आणखी एकदा खुडणी करतात. त्यापुढे कळ्यांची चाहूल लागली असता शेंड्यास पाते लावणे म्हणजे आपल्याच हाताने शेंगा कमी करणे होय. मधल्या या अल्प काळात पावसाची उघडीप हवी, आपल्या काळ्या जमिनीत पाय न रुतण्याइतका वापसा हवा, आणि माणसेही हवीत. नेमक्या याच दिवसांत सोयाबीनवर फवारणी आणि कपाशीत खुरपणी चालू असते. सबब माणसे मिळत नाहीत, मिळाली तरी एका वेळी सर्वांस पुरत नाहीत.

या अडचणीतून बागेतील मेंदीचे कुंपण छाटण्याचे यंत्र तुरीच्या शेतात आले. दुकानदार त्यास हेज ट्रिमर म्हणतात. वीस-पंचवीस घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन, पुढे दोन्ही बाजूंस दात असलेले लांब पाते, आणि हाताने ओढावयाची दोरी, एवढाच त्याचा पसारा. बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन ७११ किंवा गोदावरी ही वाणे रुंद अंतरावर लावून ज्यांनी तूर सलग घेतली आहे त्यांस तर हे यंत्र फारच सोयीचे पडते. एक माणूस तासाभे चालत जातो व दोन्ही हातांच्या पोचेपर्यंतचे शेंडे एका उंचीवर छाटले जातात.

परंतु ऐन उघडिपीच्या सकाळी हे यंत्र सुरू होत नाही, ही तक्रार आपल्या जिल्ह्यात जिंतूरपासून पालमपर्यंत सर्वत्र ऐकू येते. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, दोन-तीन माणसे पाळीपाळीने हात लावून पाहतात, अखेर यंत्र मोटारसायकलवर घालून तालुक्याच्या गावी नेले जाते. तेथे दुरुस्त करणाऱ्याकडे अगोदरच दहा यंत्रे पडलेली असतात. ते परत येईपर्यंत पाऊस पुन्हा लागतो आणि खुडणीची वेळ निघून जाते. अशा शेतकऱ्याने पुढच्या वर्षी ‘यंत्राच्या नादी लागू नये’ असे म्हटले तर त्यास दोष कसा द्यावा? माझे मत असे आहे की यांतील बहुतेक यंत्रे बिघडलेली नसतातच. ती मागील हंगामाच्या अखेरीस चुकीच्या रीतीने ठेवलेली असतात, किंवा त्या सकाळी चुकीच्या क्रमाने ओढलेली असतात. आणि हे दोन्ही दोष जाण्याजोगे आहेत, मात्र ते कोणीतरी समजावून सांगितले पाहिजेत. ते कोणी सांगावयाचे, याचा विचार पुढे येईल. आधी यंत्राकडे वळू.

विहिरीवर डिझेलची इंजिने होती त्या काळी इंजिनातील हवा काढणे हे काम न येणारा तरुण गावात विरळाच असे. ते त्यास कोणत्याही वर्गात शिकविलेले नव्हते. बापाने केलेले पाहिले, चुलत्याने एकदा करू दिले, झाले. पेट्रोलच्या लहान इंजिनाविषयी तशी गावविद्या अद्याप निर्माण झालेली नाही. तसे पाहिले तर लूना आणि राजदूत ज्यांनी चालविली त्या पिढीस पेट्रोलमध्ये तेल मिसळणे, प्लग काढून पुसणे, चोक देणे हे सारे ठाऊक होते. त्या गाड्या गेल्या, रस्त्यावर चार-स्ट्रोकच्या गाड्या आल्या, बटण दाबून सुरू होऊ लागल्या, आणि मधल्या वीस-पंचवीस वर्षांत ती विद्या घरातून निघून गेली. आज शेंडे खुडणीचे यंत्र ज्याच्या हाती आहे त्या विशीतील मुलाने पेट्रोलात तेल मिसळलेले कधी पाहिलेलेही नसते.

इंजिन सुरू होण्यास योग्य पेट्रोल, पुरेशी हवा, वेळेवर पडणारी ठिणगी आणि दट्ट्याचा दाब एवढे जुळून आले पाहिजे. कोठे अडले आहे हे शोधावयाचे असेल तर सर्वांत आधी पाहावयाची वस्तू म्हणजे टाकीतील पेट्रोल. मजकडे विचारणा करणाऱ्यांस मी पहिला प्रश्न हाच विचारतो की पेट्रोल कधीचे आहे. उत्तर बहुधा ‘मागल्या वर्षीचे उरलेले’ असे मिळते. पेट्रोल हे एकजिनसी द्रव्य नाही. त्यातील हलके व लवकर उडणारे अंश थंड इंजिनास पेट घेण्यासाठी लागतात, आणि तेच सर्वांत आधी उडून जातात. पत्र्याच्या खोलीत ठेवलेले यंत्र आपल्या जिल्ह्याचा मे महिना काढते, तेव्हा बाहेरच पारा ४३-४४ अंशांवर असतो. पत्र्याखाली काय होत असेल याची कल्पना करावी. मागे राहते ते जड पेट्रोल, आणि हवेशी संयोग होऊन त्यात चिकट राळेसारखा पदार्थ बनतो. कार्बोरेटरची छिद्रे केसाइतकी बारीक असतात. ती या राळेने बुजतात. मग कितीही दोरी ओढली तरी इंजिनास पेट्रोल पोहोचत नाही.

यास्तव टाकीतील थोडे पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून उजेडात पाहावे. ताज्या पेट्रोलचा वास तीक्ष्ण असतो. शिळ्याचा वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबूस येतो. तळाशी निराळा थर दिसला तर ते पाणी होय, किंवा पाण्याने फोडलेले इथेनॉल होय.

इथेनॉलविषयी येथे थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण या बाबतीत गावात दोन टोकांची मते ऐकू येतात. २०२२ च्या जूनमध्ये देशाने पेट्रोलमध्ये सरासरी दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये ते प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल उसापासून व मक्यापासून होते. त्यात शेतकऱ्याचा लाभ आहे आणि परकीय तेलावरचा खर्चही वाचतो. गोदाकाठी ऊस लावणाऱ्यांनी या धोरणास नावे ठेवू नयेत, आणि ती ठेवण्याचा माझाही हेतू नाही. तथापि लहान इंजिनाच्या मालकास या मिश्रणाचे गुणधर्म माहीत असलेच पाहिजेत. इथेनॉल पाण्याशी चटकन मिसळते व हवेतील ओलही ओढून घेते. वीस टक्क्यांच्या मिश्रणात थोडे पाणी सामावून घेण्याची शक्ती असते, म्हणून केवळ दमट हवेने चार दिवसांत काही होत नाही. परंतु डब्याचे टोपण सैल राहिले, पावसाचे पाणी आत गेले, किंवा अर्धी टाकी सारा पावसाळा तशीच राहिली, तर एका मर्यादेनंतर इथेनॉल व पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टाकीतील नळीचे तोंडही तळाशीच असते. म्हणजे इंजिनास पेट्रोल न मिळता हे पाणचट इथेनॉल मिळते. टू-स्ट्रोक इंजिनास यातून दुसरा, अधिक मोठा धोका असतो. आपण मिसळलेले तेल वरच्या पेट्रोलात राहते व तळच्या थरात जवळजवळ नसते. असे इंधन ओढून इंजिन कसेबसे सुरू झालेच, तर ते तेलावाचून फिरते आणि दट्ट्या जाम होतो. सुरू न झालेले यंत्र परवडले, असे म्हणण्याची पाळी येते.

अनेक लहान इंजिनांच्या माहितीपुस्तिकांत दहा टक्क्यांपर्यंतच्याच इथेनॉलची मर्यादा लिहिलेली आढळते. जुन्या यंत्रांतील रबरी नळ्या व कार्बोरेटरमधील पातळ पडदा अधिक इथेनॉलने फुगतात, कडक होतात वा चिरतात. तेव्हा नवीन यंत्र घेताना ‘हे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर चालते काय’ असा प्रश्न विक्रेत्यास विचारावा आणि त्याचे उत्तर पावतीवर लिहून घ्यावे. जुन्या यंत्राच्या नळ्या दर हंगामाच्या आरंभी बोटांनी वाकवून पाहाव्यात. वाकविताना भेगा दिसल्या तर त्या बदलाव्यात. नळीचा खर्च फार नसतो.

तेलाच्या मिश्रणाबाबत आपल्याकडे अंदाजाचे राज्य आहे. कोणी बाटलीचे झाकण हे माप धरतो, कोणी रंग पाहून घालतो. यंत्रावर किंवा पुस्तिकेत जे प्रमाण लिहिले असेल तेच खरे. २५ ला १ असे लिहिले असल्यास एक लिटर पेट्रोलास ४० मिलिलिटर तेल येते, ५० ला १ असल्यास २० मिलिलिटर. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारे मापाचे झाकण यास पुरते, मात्र ते नंतर औषधाच्या कामी आणू नये. तेल टू-स्ट्रोक इंजिनाचे, म्हणजे बाजारात ज्यास टू-टी ऑइल म्हणतात तेच असावे. मोटारसायकलच्या इंजिनात घालावयाचे तेल येथे चालत नाही. अधिक तेलाने प्लग काळा व चिकट होतो आणि ठिणगी मरते. कमी तेलाने इंजिनच मरते. काही यंत्रांस चार-स्ट्रोकचे इंजिन असते. त्यांत तेल निराळ्या ठिकाणी भरावयाचे असते, पेट्रोलमध्ये मिसळावयाचे नसते. आपले यंत्र कोणत्या जातीचे आहे हे विकत घेतानाच विचारून टाकीवर पक्क्या रंगाने लिहून ठेवावे.

पेट्रोल ताजे आहे असे ठरले म्हणजे सुरू करण्याच्या क्रमाकडे यावे. येथे चुका फार होतात. थंड यंत्र सपाट जमिनीवर ठेवावे, पाते कशासही लागता कामा नये. बटण चालू बाजूस आहे ना ते पाहावे. हे लिहिण्यास संकोच वाटतो, परंतु बंद बटणावर अर्धा तास दोरी ओढल्याची उदाहरणे थोडी नाहीत. खालचा मऊ पारदर्शक फुगा, म्हणजे प्रायमर बल्ब, त्यात पेट्रोल दिसेपर्यंत सात-आठ वेळा दाबावा. चोक बंद करावा. दोरी आधी हळूच, दाब लागेपर्यंत ओढावी आणि तेथून झटका द्यावा. दोरी पूर्ण लांबीपर्यंत ओढू नये व हातातून एकदम सोडूही नये. ती तुटते ती याच कारणाने. तीन-चार झटक्यांत ‘फट्’ असा आवाज येऊन इंजिन पुन्हा बंद पडते. हा आवाज म्हणजे इंजिनाने दिलेली खूण आहे. त्या क्षणी चोक उघडावा आणि मग पुढचे झटके द्यावेत. बहुतेक लोक येथे फसतात. ‘आता लागत आले’ म्हणून चोक तसाच ठेवून जोर वाढवितात. प्रत्येक झटक्यास पेट्रोल आत जात राहते, हवा जात नाही, आणि प्लग पेट्रोलने न्हाऊन निघतो. यानंतर मल्लाने ओढले तरी उपयोग नाही.

इंजिन सुरू होताच पाते हलू लागेल हे ध्यानात ठेवून हात व धोतर-लुगडे त्यापासून दूर असावे. अनेक यंत्रांत सुरू करताना वेग थोडा चढाच असतो.

पेट्रोल अधिक झाल्याची शंका आली तर प्लग काढून पाहावा. प्लगची परीक्षा ही या साऱ्या शोधाची किल्ली आहे. ओला प्लग सांगतो की पेट्रोल येत आहे, मात्र ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल अति झाले आहे. कोरडा प्लग सांगतो की पेट्रोलच पोहोचलेले नाही. वैद्य जीभ पाहतो तसे हे आहे. ओला असल्यास बटण बंद करावे, प्लगचे भोक खाली येईल असे यंत्र कलते करावे, दोरी आठ-दहा वेळा ओढून आतील पेट्रोल बाहेर टाकावे, प्लग कोरड्या फडक्याने पुसून काही वेळ वाऱ्यावर ठेवावा व परत बसवावा. सांडलेल्या पेट्रोलपासून यंत्र आठ-दहा पावले दूर न्यावे, चोक पूर्ण उघडा ठेवावा, वेगाची कळ दाबून धरावी आणि ओढावे. बहुतांश यंत्रे येथे सुरू होतात.

तरीही न झाल्यास ठिणगी पाहावी. प्लग वायरीस जोडून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूस टेकवावा, सावलीत दोरी ओढावी आणि टोकाशी निळी ठिणगी दिसते का ते पाहावे. हे करण्यापूर्वी टाकीचे टोपण घट्ट असावे, सांडलेले पेट्रोल पुसलेले असावे, प्लग उघड्या भोकापासून दूर असावा, आणि विडी ओढणारा मनुष्य जवळपास नसावा. ठिणगी नसेल तर प्रथम नवा प्लग लावून पाहावा. प्लग महाग नाही. एक जादा प्लग घरात नसणे हे कंदील घेऊन वात विसरण्यासारखे आहे. प्लगच्या दोन टोकांतील फट साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते, म्हणजे लोखंड कापावयाच्या करवतीचे पाते जेमतेम सरकेल एवढी. नव्या प्लगनेही ठिणगी आली नाही तर बटणाकडे जाणारी तार कोठे घासून उघडी पडली आहे का ते पाहावे. त्यापुढचे काम, म्हणजे कॉईलचे, कारागिराचे आहे.

कोरडा प्लग निघाल्यास टाकीतील लहान गाळणी तारेच्या आकड्याने बाहेर ओढून पाहावी. ती काळ्या गाळाने माखलेली असेल तर बदलावी. टोपणातील हवेचे भोक धुळीने बुजले असेल तर टाकीत पोकळी निर्माण होऊन पेट्रोल येणे थांबते. टोपण किंचित सैल केल्यावर यंत्र चालू लागले तर दोष तेथेच आहे असे समजावे आणि भोक साफ करून टोपण पुन्हा आवळावे. हवेची गाळणी दररोज सायंकाळी झटकावी, फोमची असल्यास साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. सायलेन्सरच्या तोंडाशी काही यंत्रांत बारीक जाळी असते. ती काजळीने भरली म्हणजे धूर बाहेर पडत नाही व नवी हवा आत येत नाही. फार तेल घालणाऱ्यांच्या यंत्रात हे हमखास आढळते.

दुपारी काम करताना डबा भरण्यासाठी यंत्र बंद केले आणि मग ते सुरू होईना, ही निराळी तक्रार आहे. तापलेल्या इंजिनाजवळ पेट्रोलची वाफ होते. अशा वेळी चोक देऊ नये. यंत्र झाडाच्या सावलीत दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, फुगा चार-पाच वेळा दाबावा व चोक उघडा ठेवूनच ओढावे. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओतू नये, हे तर सांगावयास नको, तरी सांगतो. याउलट हरभऱ्याच्या दिवसांत, जेव्हा परभणीची पहाट पाच-सहा अंशांपर्यंत उतरते, तेव्हा तेच यंत्र चोक दिल्यावाचून ऐकत नाही.

दाबाची परीक्षा सोपी आहे. दोरी ओढताना हातास विरोध जाणवला पाहिजे. ती पोकळ, सैल येत असेल तर दट्ट्याच्या कड्या झिजल्या आहेत वा सिलिंडर घासला आहे, आणि घरच्या घरी करण्यासारखे त्यापुढे काही नाही.

काही उपाय गावोगाव चालतात, त्यांबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. प्लगच्या भोकातून झाकणभर पेट्रोल ओतणे, हवेची गाळणी काढून तेथे पेट्रोल शिंपडणे, हे आगीस निमंत्रण आहे. शिवाय तेलाविना पेट्रोलने सिलिंडर धुतला जातो. कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून पाहण्याचा मोह तर सर्वांसच होतो. ते कारखान्यात बसवून दिलेले असतात आणि यंत्र एका रात्रीत सुरू होईनासे झाले असेल तर स्क्रू आपोआप फिरलेले नसतात. एकदा त्यांची जागा मोडली की मूळ दोष सापडूनही यंत्र नीट चालत नाही, आणि मग दुरुस्त करणारा नवा कार्बोरेटर बसवितो. जो दोष ताज्या पेट्रोलने गेला असता त्यासाठी असा भुर्दंड पडतो. दुरुस्त करणारा लबाडच असतो असे मी म्हणत नाही. हंगामात त्याच्याकडेही वेळ नसतो, आणि भाग बदलणे हा त्याला सर्वांत जलद मार्ग असतो.

आता आपल्या कामाविषयी. २०१४-१५ मध्ये केंद्र शासनाचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान सुरू झाल्यापासून लहान यंत्रांस अनुदानाची वाट मोठी झाली. अर्ज, निवड, खरेदी, पावती, आणि मग प्रत्यक्ष जागेवर तपासणी, अशी ही रीत आहे. तपासणीच्या वेळी यंत्रावरील क्रमांक पाहिला जातो, यंत्रासह शेतकऱ्याचे छायाचित्र घेतले जाते. यंत्र सुरू करून पाहण्याची आपली पद्धत नाही. मला असे वाटते की ही उणीव साऱ्या तक्रारीच्या मुळाशी आहे. बियाणे दिले तर आपण उगवण पाहतो. विहिरीस साहाय्य दिले तर पाणी पाहतो. यंत्राच्या बाबतीत मात्र लोखंड पाहून समाधान मानतो. तपासणीच्या दिवशी लाभार्थ्याने स्वतःच्या हाताने पेट्रोल व तेल मापून मिसळावे, थंड यंत्र सुरू करावे, प्लग काढून परत बसवावा, आणि मग नोंद व्हावी. यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू नये. यंत्र घरातील ज्या व्यक्तीच्या हाती राहणार आहे तिने हे करावे, कागद ज्याच्या नावावर आहे त्याने केले तर उपयोग थोडा. बचतगटाने यंत्र घेतले असेल तर भगिनींपैकी निदान दोघींस हे आले पाहिजे. दोरी ओढणे ताकदीचे काम आहे हा समज खोटा आहे. नीट ठेवलेले यंत्र चौथ्या झटक्यात सुरू होते.

यावर असे म्हटले जाईल की ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यावर आधीच कामांचा बोजा आहे, आणि यंत्र सुरू करून देणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. दुसरा मुद्दा रास्त आहे. मराठीतील पुस्तिका, प्लग-पाना आणि मापाची बाटली यांवाचून यंत्र दुकानातून बाहेर पडू नये, आणि हे खरेदीदाराने आग्रहाने मागावे. परंतु विक्रेता ज्या दिवशी यंत्र सुरू करून दाखवितो त्या दिवशी ते नवे असते, पेट्रोल ताजे असते. खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी येते. त्या वेळी गावात असणारा मनुष्य कार्यकर्ताच होय. बोज्याचा मुद्दाही खरा आहे, म्हणून मी दर महिन्याच्या नव्या बैठकीची सूचना करीत नाही. रोहिणी नक्षत्रात बियाणे उगवण चाचणीसाठी गावात जे एकत्र बसणे होते त्याच दिवशी ज्याच्याकडे जे लहान इंजिन असेल, शेंडे खुडणीचे, गवत कापण्याचे वा फवारणीचे, ते त्याने घेऊन यावे आणि सर्वांसमक्ष सुरू करावे. न होणारी यंत्रे त्याच दिवशी कळतील आणि तालुक्यास नेण्यास दोन महिने हाताशी राहतील. वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी खरिपात गावांत राहतात. त्यांस या कामी घ्यावे. इंजिनाचा छेद वहीत सुंदर काढणाऱ्या विद्यार्थ्याने चिखलात बसून एक ओला प्लग सुकविला तर त्याचेही शिक्षण पुरे होईल.

येथे आणखी एक मत नोंदवितो, ते सर्वांस पटेल असे नाही. दोन-तीन एकरांत सोयाबीनमधील आंतरपीक म्हणून चार-सहा तासे तूर घेणाऱ्याने पेट्रोलचे यंत्र विकत घेऊ नये. त्यास विळ्याने वा हाताने खुडणे पुरते, किंवा बॅटरीवरचे हलके यंत्र बरे. त्यात पेट्रोल नाही, चोक नाही, फक्त बॅटरी वेळेवर भारित करणे आहे. पेट्रोलचे यंत्र दहा-पंधरा एकर सलग तूर असणाऱ्याचे, अथवा भाड्याने दुसऱ्याची खुडणी करून देणाऱ्या तरुणाचे. जे यंत्र वर्षातून दोन दिवस चालते व तीनशे त्रेसष्ट दिवस कोपऱ्यात बसते ते सुरू न होणारच. रोज चालणारे यंत्र क्वचित रुसते. प्रत्येक गावात असे दोघे-तिघे भाड्याने काम करणारे तयार झाले तर दुरुस्तीची विद्याही त्यांच्याबरोबर गावात राहील. अनुदानाची निवड करताना हा विचार व्हावा.

राहिला प्रश्न यंत्र ठेवण्याचा. शेवटची खुडणी झाली की पुढे महिनाभर काम नाही असे दिसताच टाकीतील सर्व पेट्रोल काढावे. ते गाळून, तेलाचे प्रमाण तेच असेल तर, शेजाऱ्याच्या चालू यंत्रात घालून संपवावे. शीतपेयाच्या प्लास्टिक बाटलीत भरून खिडकीत ठेवू नये. मग फुगा दाबून यंत्र सुरू करावे आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्बोरेटर रिता होतो. इंजिन निवल्यावर प्लग काढून भोकात टू-टी तेलाचे पाच-सहा थेंब सोडावेत, बटण बंद ठेवून दोरी दोन-तीन वेळा सावकाश ओढावी व प्लग परत लावावा. पात्यावरील तुरीचा चीक रॉकेलच्या किंवा डिझेलच्या फडक्याने पुसून दातांस तेलाचा हात द्यावा आणि म्यान चढवावी. यंत्र पत्र्याखाली किंवा खताच्या पोत्यांशेजारी न ठेवता धाब्याच्या खोलीत, जमिनीपासून वर, खुंटीस टांगावे. टांगण्यापूर्वी दोरी हळूच, दाब लागेपर्यंत ओढून तेथेच सोडावी. दट्ट्या वर राहिला म्हणजे सिलिंडरचे झरोके झाकलेले राहतात आणि पावसाळी दमट हवा आत शिरत नाही.